लॉक केल्यावर आपलं चित्र दिसत नाही? ई-रीडरच्या स्क्रीनसेव्हरची दुखणी, दुकानातल्या अनुभवावरून

देवगडात माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, सातबारा, लाइट बिल ही रोजची कामं. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आले की त्यात एका कामाची भर पडते: ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायची किंडल-कोबोसारखी यंत्रं. "ताई, रीडरवर आमच्या घराचा फोटो टाकलाय, पण लॉक केल्यावर दिसतच नाही." हे दुखणं इतक्या वेळा निस्तरलंय की आता रीडर हातात घेण्याआधी मी बरोबर आणलेली केबल बघते. का, ते पुढे येईलच.

आधी लक्षण नीट ओळखा

"चित्र येत नाही" या एका वाक्यात निदान सहा वेगळी दुखणी असतात.

- लॉक केल्यावर कंपनीची ठरावीक चित्रंच येतात, तुमचं एकदाही आलेलं नाही.
- तुमचं चित्र दोन-चार दिवस आलं, मग गायब झालं. किंवा कधी येतं, कधी दुसरंच येतं.
- चित्र येतं, पण आडवं, कापलेलं किंवा बाजूला पांढरे पट्टे सोडून.
- चित्र येतं, पण काळा गिचका दिसतो. माणूस कुठला, माड कुठला कळत नाही.
- कॉम्प्युटरला रीडर दिसतच नाही, त्यामुळे चित्र आत घालायचं कसं इथेच गाडी अडते.
- चित्र छान दिसतंय, पण रीडर त्याच्यापुढे हलत नाही.

आपलं लक्षण यातलं कुठलं ते ठरवा आणि मग खालच्या क्रमाने जा. क्रम फुकटच्या उपायापासून खर्चिक उपायापर्यंत आहे. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी ठेवलाय तो मुद्दाम. लोक सुरुवात तिथूनच करतात, सगळी पुस्तकं घालवून बसतात, आणि चूक निघते केबलची.

रीडर जिवंत आहे ना?

मिठबावकडचे एक निवृत्त गुरुजी रीडर घेऊन आले. पडद्यावर त्यांच्या नातीचा फोटो, अगदी स्वच्छ. "गो बाय, दोन म्हयने झाले, ह्यो एकच फोटो दाखवता. कितीव दाबा, हलणा नाय." मी चार्जरला लावला. तासाभराने यंत्र उठलं. बॅटरी पार खाली बसली होती, एवढंच.

मोबाइलची सवय असलेल्या माणसाला हे पटत नाही, कारण मोबाइल मेला की पडदा काळा होतो. ई-इंकचा पडदा वेगळा. त्यात बारीक बारीक कुप्या असतात, प्रत्येकीत काळे आणि पांढरे कण, त्यांच्यावर एकमेकांविरुद्ध विद्युतभार. वीज दिली की कुठले कण वर यायचे ते ठरतं आणि मग ते तिथेच बसून राहतात. वीज लागते ती चित्र बदलायला. टिकवायला काहीच लागत नाही. म्हणून चित्र दिसतंय यावरून रीडर जिवंत आहे असं समजू नका. आणि तेच चित्र महिनाभर राहिलं म्हणून पडदा जळेल ही भीतीही नको.

तेव्हा पहिलं काम, किमान तासभर चार्जिंग. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट येते-जाते, त्यामुळे "रात्रभर लावला होता" याचा अर्थ प्रत्यक्षात वीस मिनिटं असू शकतो. चार्ज झाल्यावरही हलला नाही तर बंद-चालूचं बटण दाबून धरा. किंडलला पूर्ण चाळीस सेकंद धरावं लागतं. लोक दहाव्या सेकंदाला सोडतात आणि "करून बघितलं" म्हणतात. घड्याळ लावून धरा. यात पुस्तकं जात नाहीत, यंत्र फक्त नव्याने सुरू होतं.

इथेच आणखी एक फुकटची तपासणी. फ्लिप कव्हर बंद केल्यावर रीडर आपोआप झोपतो तो कव्हरातल्या लोहचुंबकामुळे. दुसऱ्या मॉडेलचं कव्हर बसवलं तर चुंबक योग्य जागी येत नाही, रीडर झोपतच नाही, आणि मग स्क्रीनसेव्हर येणार कुठून? कव्हर काढून बटणाने झोपवून बघा. तेव्हा चित्र आलं तर दोष कव्हराचा. (कव्हर काढलंच आहे तर आतून पुसूनही घ्या. जुलैत आतून बुरशी आलेली नसेल तर ते घर कोकणातलं नव्हे.)

नव्या चित्राखाली जुन्याची पुसट सावली दिसत असेल तर तो बिघाड नाही. काही कण जागचे पूर्ण हललेले नसतात. पाच-सहा पानं उलटा, किंवा सेटिंगमध्ये दर पानाला पडदा ताजा करण्याची सोय असेल तर ती चालू करा. सावली जाते.

सेटिंग

इथे किंडल आणि कोबो यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि निम्मा गोंधळ या दोघांचे उपाय एकमेकांना लावल्याने होतो.

किंडलमध्ये स्वतःचं चित्र थेट लावायची अधिकृत सोय नाही. हे आधी मान्य करा म्हणजे दोन संध्याकाळी वाचतील. सोय आहे ती चालू पुस्तकाचं मुखपृष्ठ लॉकवर दाखवायची. तिचं नाव 'डिस्प्ले कव्हर', ती २०२१ साली आली. फार जुन्या किंडलना ती मिळाली नाही. सेटिंगमध्ये ती नेमकी कुठे असते ते आवृत्तीप्रमाणे बदलतं, तेव्हा नावाने शोधा. ते बटण चालू नसेल तर कंपनीची चित्रं येत राहणार, तुम्ही आत काहीही टाका.

बटण दिसतच नसेल तर विचारा की हा किंडल आला कुठून. अमेरिकेतल्या भावाने किंवा भाचीने आणलेला असेल तर तो 'स्पेशल ऑफर्स' प्रकारातला असू शकतो. हा प्रकार स्वस्तात मिळतो आणि बदल्यात लॉकवर जाहिराती दाखवतो. जाहिराती असेपर्यंत मुखपृष्ठ दिसत नाही. जाहिराती काढायचा मार्ग ज्याच्या खात्यावर यंत्र आहे त्याच्या हातात असतो, काही रक्कम भरून. तेव्हा फोन लावायचा तो भावाला. दुकानात येऊन उपयोग नाही.

कोबोत मात्र स्वतःची चित्रं चालतात. त्याच्या सेटिंगमध्ये 'एनर्जी सेव्हिंग अँड प्रायव्हसी' असं पान आहे. तिथे चालू पुस्तक दाखवायचं का आणि मुखपृष्ठ पूर्ण पडदाभर दाखवायचं का, अशा दोन खुणा असतात. चित्र जागेवर असूनही येत नसेल तर या दोन खुणा उलटसुलट करून दर वेळी रीडर एकदा झोपवून बघा. चारच जोड्या होतात. दोन मिनिटांचं काम.

बूक्ससारखे अँड्रॉइडवर चालणारे रीडर या बाबतीत सगळ्यात सोपे. त्यांच्या सेटिंगमधूनच गॅलरीतलं चित्र स्क्रीनसेव्हर म्हणून निवडता येतं. ते घेऊन माझ्याकडे कोणी येतं ते फक्त "चित्र गिचका दिसतं" यासाठी, आणि त्याचा इलाज खाली आहे.

केबल

आता केबल. कॉम्प्युटरला रीडर दिसत नाही असं म्हणत येणाऱ्यांची केबल मी बाजूला ठेवते आणि दुकानातली लावते. बहुतेक वेळा काम तिथेच संपतं.

साध्या यूएसबी केबलीत चार तारा असतात. दोन विजेसाठी, दोन माहितीसाठी. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींमध्ये माहितीच्या दोन ताराच नसतात. अशा केबलीने चार्जिंग झकास होतं, त्यामुळे संशयही येत नाही. ओळखायची युक्ती सोपी: त्याच केबलीने मोबाइल कॉम्प्युटरला जोडा. मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर दिसले तर केबल चांगली. नुसतंच चार्जिंग सुरू झालं आणि फाइल पाठवण्याचा पर्यायच आला नाही, तर ती केबल पंख्याजवळच्या चार्जरला ठेवून द्या आणि दुसरी आणा. रीडरचं तोंड जुनं मायक्रो-यूएसबी असेल तर घरातल्या नव्या केबली बसत नाहीत, मग माळ्यावरच्या डब्यातली कुठलीतरी निघते, आणि ती नेमकी दोन तारांची असते.

केबल चांगली असूनही किंडल दिसत नसेल तर त्याचं वय बघा. २०२४पासून आलेले किंडल पेनड्राइव्हसारखे दिसत नाहीत, मोबाइलसारखे दिसतात. विंडोजवर त्याने फार फरक पडत नाही. मॅकवर मात्र जोडीला वेगळा प्रोग्राम घेतल्याशिवाय काहीच दिसत नाही. यंत्र बिघडलंय असं वाटतं, पण ते बरंच आहे.

यूएसबीचं तोंडही उजेडात बघा. आपल्या खाऱ्या हवेत त्यातल्या पिनांवर हिरवट थर येतो. कापसाचा किंवा धुळीचा कण अडकला असेल तर रीडर बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा. सुई नको, आणि तोंडाने फुंकर तर अजिबात नको, फुंकरीतून ओलावाच आत जातो. हिरवा थर दिसला तर तो खरवडू नका. ते काम खाली 'इथे थांबा'मध्ये आहे.

फोल्डर आणि फाइल

हा भाग कोबोवाल्यांसाठी. रीडर जोडल्यावर त्याच्या ड्राइव्हमध्ये 'कोबो' नावाचं एक फोल्डर असतं. त्याच्या नावाआधी टिंब असतं, म्हणून ते लपलेलं असतं. विंडोजमध्ये 'व्ह्यू'त जाऊन लपलेल्या गोष्टी दाखवायला सांगा. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि टिंब एकत्र दाबा. त्या फोल्डरच्या आत नवं फोल्डर बनवायचं, नाव इंग्रजीत 'स्क्रीनसेव्हर', सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही, शेवटी अनेकवचनाचा 'एस' नाही. चित्रं त्यात टाकायची.

चुका होतात त्या इथेच. फोल्डर टिंबवाल्या फोल्डरच्या आत न होता बाहेर होतं. नावाच्या मध्ये जागा पडते. रीडर नेमकं तेच नाव शोधतो. ते नाही सापडलं तर तो तक्रार करत नाही, गुपचूप आपल्या नेहमीच्या पडद्यावर जातो. म्हणून हे दुखणं 'काहीच होत नाही' असं दिसतं. फोल्डर बरोबर असूनही चित्र येत नसेल तर रीडरची प्रणाली जुनी असेल. वायफायला जोडून ती अद्ययावत करा, ही सोय जुन्या आवृत्त्यांत नव्हती.

फोल्डरात पाच चित्रं टाकली तर कोबो त्यातलं कुठलंही एक उचलतो. "कधी येतं, कधी दुसरंच येतं" या लक्षणाचं उत्तर एवढंच आहे. एकच हवं तर एकच ठेवा. मॅकवाल्यांनी तिथे टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली दिसल्या तर त्या काढून टाकाव्यात. मॅक त्या स्वतःहून सोडतो, त्यांत चित्र नसतं.

मग फाइलचा प्रकार. जेपीजी किंवा पीएनजी, बाकी काही नको. आयफोनचे फोटो बऱ्याचदा एचईआयसी प्रकारात असतात, व्हॉट्सअ‍ॅपचे स्टिकर वेबपी असतात. काही जण फाइलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहितात आणि प्रकार बदलला असं समजतात. बांगड्याच्या पाटीवर सुरमई लिहिल्यासारखं आहे ते. फाइल चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडून 'सेव्ह अ‍ॅज' करून जेपीजी निवडावं लागतं. उलट बाजूनेही फसतं: विंडोज शेपटी लपवतो, आपण पुन्हा लिहितो, आणि फाइलला दोन शेपट्या लागतात.

जेपीजी असूनही येत नसेल तर तो 'प्रोग्रेसिव्ह' प्रकारचा असू शकतो. असा फोटो वेबवर आधी धूसर दिसून हळूहळू स्पष्ट होतो. काही रीडरना तो उलगडता येत नाही. पीएनजी करून टाका, वादच मिटतो.

आणि चित्र टाकून झाल्यावर 'इजेक्ट' केल्याशिवाय केबल उपटू नका. फाइल गेलीय असं पडद्यावर दिसतं तेव्हा कॉम्प्युटर कधीकधी अजून लिहीत असतो. मध्येच ओढली की फाइल अर्धी राहते, किंवा रीडरची साठवणच बिघडते आणि नवीन काही लिहू देत नाही. माझ्याकडून हे एकदा झालंय. केबल मी ओढली नव्हती, लाइट गेली आणि दुकानातला डेस्कटॉप बंद पडला. तेव्हापासून पावसाळ्यात हे काम मी लॅपटॉपवरच करते. साठवण बिघडलीच तर विंडोजमध्ये त्या ड्राइव्हच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'टूल्स'मध्ये तपासणीचं बटण असतं, ते दाबा. आधी पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

आकार

आडवं, कापलेलं, पट्ट्यांचं चित्र. यात बिघाड काहीच नसतो, फक्त माप चुकलेलं असतं. सहा इंची किंडल पेपरव्हाइट आणि कोबो क्लारा एचडी यांचा पडदा १०७२ × १४४८ ठिपक्यांचा. ६.८ इंची पेपरव्हाइटचा १२३६ × १६४८. सात इंची किंडल ओअ‍ॅसिस आणि कोबो लिब्रा २ यांचा १२६४ × १६८०. २०१९चा साधा किंडल ६०० × ८००.

आकडे वेगवेगळे दिसतात, पण भागून बघा. सगळ्यांची उंची रुंदीच्या साधारण १.३३ ते १.३५ पट आहे. म्हणजे जवळजवळ ४:३. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ४:३ हा पर्याय असतोच. तो ठेवून मोबाइल उभा धरून फोटो काढलात तर तो या पडद्यांवर जवळपास जसाच्या तसा बसतो. १६:९ किंवा 'फुल स्क्रीन'वर काढलात तर फोटो लांबुडका होतो आणि मग पट्टे येतात किंवा माडाचा शेंडा जातो. हे लोकांना आधी सांगितलं तर माझं निम्मं काम कमी होईल, पण सांगायला भेटतात कुठे.

फोटो कॉम्प्युटरवर सरळ दिसतो आणि रीडरवर आडवा, असंही होतं. मोबाइल फोटो आडवाच साठवतो आणि सोबत 'हा उभा दाखवा' अशी खूण लिहितो. ती खूण न वाचणारा रीडर फोटो आहे तसा दाखवतो. इलाज: फोटो एकदा फिरवा, परत सरळ करा, नव्याने सेव्ह करा. मापात कापून सेव्ह केलात तरी चालतं.

काळा गिचका

हे माझं आवडतं दुखणं, कारण यात दुरुस्तीपेक्षा निवड जास्त आहे.

काळ्या-पांढऱ्या ई-इंक पडद्याला करड्या रंगाच्या फक्त सोळा छटा येतात. मोबाइलच्या पडद्याला लाखो रंग. त्यामुळे मोबाइलवर जो फोटो सर्वांत सुंदर तो इथे बहुधा सर्वांत वाईट. देवगडच्या किल्ल्यावरून काढलेला सूर्यास्त घ्या. आकाशात केशरी रंग हळूहळू जांभळ्यात उतरतो. सोळा छटांत ती उतरण बसत नाही, मग आकाशाचे जिन्यासारखे पट्टे पडतात, आणि खालचा समुद्र आणि खडक मिळून एक काळी पाटी. लोक पाच वेळा तोच सूर्यास्त आणतात. मी पाचही वेळा सांगते.

पट्टे घालवायला 'डिदरिंग' करतात. जवळजवळच्या ठिपक्यांना थोडं काळं, थोडं पांढरं करून डोळ्याला मधली छटा भासवायची. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग या दोघांनी १९७६ साली मांडलेली पद्धत आजही वापरात आहे आणि 'गिंप' या फुकट प्रोग्राममध्ये ती मिळते. आधी चित्र करड्या छटांत न्यायचं, मग प्रकाश थोडा वाढवायचा, काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवायचा, आणि मग डिदरिंग. प्रकाश वाढवायचा कारण मागून उजेड असलेल्या मोबाइलवर जे स्पष्ट दिसतं ते या कागदासारख्या पडद्यावर गडद दिसतं.

पण मूळ चित्रच बरोबर निवडलं तर यातलं काही करावं लागत नाही. इथे आपल्या कोकणात निवडीला तोटा नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरची कातळशिल्पं बघा. राजापूर तालुक्यात कशेळीला जांभ्या दगडात कोरलेला हत्ती आहे, सुमारे अठरा मीटर लांब. त्या शिल्पाची रेषांची आकृती काढून रीडरवर लावा, कोऱ्या कागदावर शाईने काढल्यासारखी उमटते. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रांतून गोष्ट सांगायची कला, तिच्यात काळी बाह्यरेषा ठसठशीत, तीही टिकते. डहाणूकडची वारली चित्रं तर गेरूवर पांढरी, म्हणजे मुळातच दोन रंगांची. करडं केलं तरी काही हरवत नाही.

सावंतवाडीच्या गंजिफांनी, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांनी, मात्र मला फसवलं. दशावतारी गंजिफा, गोल पानं, भरगच्च रंग, मला वाटलं काय सुंदर दिसेल. लावलं, आणि निम्मी पानं एकसारखी! कारण उघड आहे: लाल आणि हिरवा डोळ्याला कितीही वेगळे दिसले तरी दोघांचा उजळपणा सारखा असला तर करड्यात दोघांची एकच छटा होते. गंजिफा रंगावर उभी आहे, चित्रकथी रेषेवर. तेव्हा चित्र निवडण्याआधी मोबाइलवरच ते कृष्णधवल करून बघा. तिथे माणूस आणि पार्श्वभूमी वेगळी दिसली तर रीडरवरही दिसेल.

रंगीत ई-इंक घेतलेल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. कॅलिडो ३ पडद्यावर ४०९६ रंग येतात, पण रंगीत चित्र दर इंचाला १५० ठिपक्यांचं, कृष्णधवल ३००चं. रंग फिकट आणि चित्र थोडं काळपट. जुन्या वर्तमानपत्रातल्या रंगीत पुरवणीची आठवण येते. तिथे गंजिफा चालते.

किंडलवाल्यांची पळवाट

लॉकवर चालू पुस्तकाचं मुखपृष्ठ येतं ना? मग मुखपृष्ठच आपलं करायचं. 'कॅलिबर' हा फुकट प्रोग्राम त्यासाठी आहे. कोविद गोयल या भारतीय माणसाने तो २००६ साली सुरू केला आणि ई-पुस्तकांच्या जगात त्याला तोड नाही. स्वतःच्या मालकीच्या, कुलूप नसलेल्या ईपब (ई-पुस्तकाचा एक फाइल-प्रकार) पुस्तकाचं मुखपृष्ठ त्यात बदलता येतं. आपलं चित्र लावा, ईपब पुन्हा तयार करा, 'सेंड टू किंडल' या किंडलवर पुस्तक पाठवायच्या सोयीने पाठवा. ईमेलने पाठवत असाल तर पन्नास एमबीच्या आत ठेवा. आलेलं पुस्तक उघडा आणि लॉक करा.

"दोन दिवस आलं, मग गायब" हे किंडलवरचं लक्षण बहुधा इथलंच असतं. तुम्ही मध्ये दुसरं पुस्तक उघडलंत, आता त्याचं मुखपृष्ठ दिसतंय. किंडलच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ असं बदलता येत नाही.

जेलब्रेक करून, म्हणजे प्रणालीतली एखादी फट वापरून कंपनीची बंधनं तोडून, थेट चित्रं लावतात हे मला माहीत आहे. मी दुकानात ते करत नाही. ती फट कंपनीच्या पुढच्या अद्ययावत आवृत्तीत बुजते, आणि मधेच फसलं तर दुसऱ्याच्या यंत्राची जबाबदारी माझ्या गळ्यात. ज्याला हौस आहे त्याने स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या जोखमीवर करावं.

शेवटचा घरगुती उपाय

वरचं सगळं क्रमाने झालं आणि तरीही काही नाही, तरच फॅक्टरी रीसेट. त्याआधी बाहेरून टाकलेली पुस्तकं आणि टिपणं कॉम्प्युटरवर उतरवा, आणि खात्याचा पासवर्ड आठवतोय का ते दुसऱ्या यंत्रावर खरंच लॉग-इन करून बघा. आजोबांचा रीडर, खातं मुंबईतल्या मुलाच्या नावावर, आणि मुलगा बोटीवर: अशा अवस्थेत रीसेट केलेलं यंत्र माझ्या काउंटरवर पंधरा दिवस पडून होतं.

इथे थांबा

रीडरची पाठ फुगलेली दिसली, पडदा चौकटीतून वर उचलल्यासारखा वाटला, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग ताबडतोब बंद. दाबून बसवायचं नाही, टोचायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. थेट जाणकाराकडे.

पडद्याच्या एका कोपऱ्यात न हलणारे पट्टे किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ असेल आणि ती प्रत्येक चित्रावर तिथेच दिसत असेल, तर आतली काच तडकली आहे. कुठलंही चित्र लावून ती जाणार नाही. पडदा बदलायचा खर्च आधी विचारा. तो नव्या रीडरच्या किमतीच्या जवळ गेला तर मी लोकांना दुरुस्ती करू नका म्हणून सांगते.

यूएसबीच्या तोंडात हिरवा थर, किंवा केबल विशिष्ट कोनात धरली तरच चालणं, हे मोबाइल दुरुस्तीवाल्याचं काम. तोंड बदलणं त्याला रोजचं आहे, फक्त रीडर उघडताना पडद्यावर जोर देऊ नको असं बजावा.

आणि समुद्र. "वॉटरप्रूफ आहे ना?" म्हणून किनाऱ्यावर घेऊन बसतात. २०१८नंतरच्या पेपरव्हाइटची चाचणी गोड्या पाण्यात दोन मीटर खोल, एक तासाची आहे. समुद्राच्या पाण्याची चाचणी पाव मीटर खोल, तीन मिनिटांची. आकडे वाचून फरक कळतो. खारं पाणी लागलंच तर गोड्या पाण्याने धुवा, यूएसबीचं तोंड खाली करून हवेशीर जागी पूर्ण सुकू द्या, आणि तोवर चार्जरला लावू नका. वॉटरप्रूफ नसलेला रीडर भिजला असेल तर मात्र धुवायचा नाही, चालू करून बघायचाही नाही. बंद ठेवून दुरुस्तीवाल्याकडे न्या. तांदळाच्या डब्यात ठेवलेले दोन रीडर माझ्याकडे आले होते. दोन्हींच्या भोकांत तांदळाची पूड होती, आणि दोन्ही बंदच होते.

दुरुस्तीला देताना मॉडेलचं नाव, शेवटी कधी चाललं आणि वरच्यापैकी काय काय करून झालं ते कागदावर लिहून द्या. आणि केबल बरोबर न्या. तीच, जी घरी वापरत होतात.